वेसण

होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला पाय ठेवायला जागा नसते. पाथर्डी तालुक्यातलं हे गाव कानिफनाथांच्या समाधीचं, आणि त्याची दुसरी ओळख म्हणजे भटक्यांची पंढरी. मानाची होळी गोपाळ समाजाची. गडाखाली पालं पडतात, गाढवांचा बाजार भरतो, सोयरिकी जुळतात. वैदू, घिसाडी, कैकाडी, नंदीवाले, मदारी असे वर्षभर महाराष्ट्रभर पांगलेले लोक इथं एकमेकांना भेटतात. यातल्या कित्येकांच्या दोन-चार पिढ्या जनावराच्या खेळावर जगल्या. आज त्यांच्या पालांपुढे कोंबड्या, कुत्री, गाढवं दिसतील, पण अस्वल दिसणार नाही.

शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत मात्र ते अजून आहे. ‘दरवेशी’ या नोंदीला जोडून तिथं ‘वाघवाले-शाह’ आणि ‘अस्वलवाले’ असे शब्द छापलेले आहेत. जातीच्या दाखल्यापुरतं अस्वल उरलं!

ते गेलं, हे बरंच झालं. दरवेशाचा खेळ पाहून टाळ्या वाजवणाऱ्या पिढीला त्यामागची रीत ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक करून घ्यायची नव्हती. बहुतेक वेळा आईला मारूनच पिल्लू मिळवलं जाई. तापलेल्या सळईनं त्याचं नाकाड आरपार भोकसायचं, त्यातून दोर ओवायचा, सुळे पाडायचे. दोराला हिसका बसला की अस्वल मागच्या पायांवर उभं राही, आणि पोरं म्हणत, नाचतंय बघ! आपलं देशी अस्वल जगतं नाकावर. वारूळ हुंगून शोधायचं, नखांनी फोडायचं आणि लांबट तोंडानं वाळवी सपासप ओढून घ्यायची, हे त्याचं जिणं. ज्या अवयवावर जनावर जगतं, माणसानं नेमकी तिथंच वेसण घातली.

हजारो कोस दूरच्या ऑर्काची, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातल्या एका भल्यामोठ्या समुद्री प्राण्याची, गोष्टही याच जातीची आहे. टिलिकम हा नर आइसलँडजवळच्या समुद्रात 1983 साली पकडला गेला, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. ऑर्काच्या काही कुळांत मुलगा जन्मभर आईच्या सोबतीनं पोहतो, आणि प्रत्येक कुळाची आवाजाची बोली वेगळी असते. टिलिकमला मिळाला काँक्रीटचा हौद. पुढच्या तीन दशकांत तीन माणसांच्या मृत्यूंशी त्याचं नाव जोडलं गेलं. 2010 मध्ये फ्लोरिडातल्या सीवर्ल्ड या सागरी उद्यानात त्यानं आपल्याच प्रशिक्षिकेचा जीव घेतला. 2013 च्या ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटानं गदारोळ उठवला, 2016 मध्ये सीवर्ल्डनं ऑर्कांची पैदास थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि 2017 च्या जानेवारीत टिलिकम हौदातच मेला.

भारतानं या बाबतीत वेळेवर शहाणपण दाखवलं. देशात डॉल्फिनचे खेळ सुरू करण्याचे प्रस्ताव पुढे येत असताना मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं असे हौद उभारायलाच मनाई केली. हे प्राणी अतिशय बुद्धिमान आणि संवेदनशील आहेत, असं कारण दिलं. निर्णय उत्तमच होता. पण तो घेताना कुणाच्या दारातलं काही सोडवून न्यावं लागलं नाही, हेही खरं. ज्या गावात कुणाकडे ऑर्का नाही, तिथं ऑर्काची दया यायला काय जातं?

खरी परीक्षा दारातल्या जनावराची. 14 ऑक्टोबर 1998 ला केंद्रानं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसवाले कोर्टात गेले, पोटावर पाय येतो म्हणाले. केरळ उच्च न्यायालयानं आणि मग 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम केली. दरवेशाकडे वकील कुठला! उत्तरेतल्या कलंदरांची अस्वलं सोडवताना ‘वाइल्डलाइफ एसओएस’सारख्या संस्थांनी त्या कुटुंबांना दुसरा धंदा आणि पोरांना शाळा मिळवून द्यायची खटपट केली. सरकारची तयारी एवढी नव्हती. 2008 मध्ये बाळकृष्ण रेणके आयोगानं अहवाल दिला, तेव्हाही भटक्यांपैकी असंख्यांकडे घर, जमीन, रेशनकार्ड यातलं काही नव्हतं.

आता बैलाकडे येऊ. 2011 मध्ये केंद्रानं खेळांना बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. 7 मे 2014 च्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. बैल हा ओढकामाचा, रवंथ करणारा प्राणी. शर्यतीसाठी त्याची शरीररचनाच नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पारनेरपासून जुन्नर-खेडपर्यंतचे शर्यतींचे घाट ओस पडले. गाडामालक हळहळले, आणि त्या हळहळीत खोटं काही नव्हतं; पोटच्या पोराआधी बैलाला खुराक घालणारी माणसं या भागात आहेत. पण त्यांच्यामागे गावं होती, गावांत मतं होती. 2017 मध्ये विधिमंडळानं कायदाच दुरुस्त केला. बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर राज्यानं अहवालही करवून घेतला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. घाटात पुन्हा भिर्रर्र झालं, बारी सुटली, पुढे घोडी धावू लागली.

त्या दुरुस्तीत बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट ही नावं घालून वाट करून दिली आहे. गुबुगुबुच्या तालावर मान डोलावणाऱ्या नंदीबैलाचं नाव त्यात नाही. परंपराच मोजायची, तर नंदीवाल्याची कुठे कमी पडते? शेपटी पिरगाळून घाट चढवलेल्या बैलापेक्षा दारोदार हिंडणारा नंदी अधिक सोसतो, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? वेसण दोघांच्याही नाकात आहे. कायद्यानं जनावराचं दुःख मोजलंच नाही, मालकाचं वजन तेवढं मोजलं.

म्हणून अस्वल परत आणा, असं कुणी म्हणणार नाही. उलट, अस्वलाला आणि ऑर्काला लावलेली कसोटी घाटातही लागली पाहिजे: या जनावराला आपण त्याच्या जातीचं जिणं जगू देतो का? त्या कसोटीवर शर्यत नापास होते, गाडामालकाची माया धरूनसुद्धा. आणि ज्याच्या हातातला दोर सोडवायचा, त्याच्या भाकरीची सोय त्याच दिवशी झाली पाहिजे. दरवेशाच्या बाबतीत हे राहून गेलं.

तूर्त कायदा आहे तो असा: शर्यतीत बैलाला इजा केली, तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. येत्या जत्रेत घाटावर उभे राहाल, तेव्हा सेकंद मोजण्याआधी बैलाच्या शेपटीकडे आणि पाठीवरच्या वळांकडे एकदा नजर टाका, आणि काही दिसलं तर पोलीस ठाण्यात लेखी द्या.