शेजारची खुर्ची

सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1906 साली ते साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केले, हे येथील जुनी मराठी घरे आजही अभिमानाने सांगतात. सर्वांच्या शिक्षणातील हे ‘सर्व’ म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. तो आमच्याच घरी आला, तेव्हा विचारणे भाग पडले.

आमचा सात वर्षांचा नातू स्वमग्न आहे. शाळेने प्रवेश दिला. पण त्याच्याशेजारी दिवसभर बसणारी मदतनीस आम्ही स्वखर्चाने आणावी, अशी अट घातली. आम्ही ती मान्य केली. बाई भल्या आणि मायाळू मिळाल्या. काही महिन्यांनी ध्यानात आले, की वर्गशिक्षिका आता मुलाशी बोलतच नाहीत. विचारायचे ते बाईंना, सांगायचे तेही बाईंनाच. आधारासाठी मांडलेली खुर्ची मुलाच्या आणि वर्गाच्या मध्ये येऊन बसली होती.

शिक्षिकेला दोष देणे सोपे आहे. भरलेला वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या व्यक्तीकडून किती अपेक्षा करावी? म्हणूनच कायद्याने हा भार एकटीवर टाकलेला नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांत अशा 10 मुलांमागे, तर पुढील वर्गांत 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. मार्च 2025 मध्ये ही पदे मंजूर करून भरण्याचा आदेश राज्यांना दिला. हा शिक्षक शाळेचा असतो, पालकांनी विकत आणलेला नव्हे.

विकत आणण्यातील दोष आम्हांला उशिरा उमगला. मे महिन्याच्या सुट्टीत काम नाही, म्हणून आम्ही बाईंचा पगार थांबवला. जूनमध्ये त्या आल्या नाहीत. नातू कित्येक दिवस त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राही. शाळेने आपली जबाबदारी आमच्यावर ढकलली, हे खरे. आम्हीही ती पैशांत मोजून बाईंवर ढकलली आणि निश्चिंत झालो.

माणूस नेमणे हे कर्तव्याचे पहिले पाऊल आहे. कर्तव्यातून सुटका नव्हे. पदे भरलीच पाहिजेत, त्यांना पूर्ण वेतन आणि स्थैर्य मिळालेच पाहिजे. पण विशेष शिक्षकाने धडा आखताना वर्गशिक्षिकेशेजारीही बसावे, आणि वर्गशिक्षिकेने रोज एकदा तरी त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. शेजारची खुर्ची अधूनमधून रिकामी ठेवता आली आणि तरीही मूल एकटे पडले नाही, तर ती नेमणूक सार्थकी लागली असे आम्ही समजू.