भाकिताचा अर्थ आणि वारसाचा हक्क

ख्रिस्ती धर्मग्रंथांतील ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत एक लहानसा प्रसंग आहे. यरुशलेमेहून गाझाकडे जाणाऱ्या रस्त्यानें कूश देशच्या राणीचा एक अधिकारी रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चालला आहे. निमूटपणें दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचें वर्णन त्याच्या वाचनांत आलें आहे, आणि हें वर्णन संदेष्ट्याचें स्वतःचें कीं आणखी कोणाचें, असें तो फिलिप्पाला विचारतो. फिलिप्पानें त्या वचनापासून आरंभ करून त्याला येशूची वार्ता सांगितली. अधिकाऱ्याचें समाधान झालें. प्रश्न मात्र मिटला नाहीं. यहुदी आणि ख्रिस्ती हे दोन समाज तोच ग्रंथ पवित्र मानून सुमारें दोन हजार वर्षें त्या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें देत आले आहेत. त्यांपैकीं खरें उत्तर कोणतें, हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. आम्हांस विचार करावयाचा आहे तो एका नीतिविषयक प्रश्नाचा : जुन्या वचनांत नवा अर्थ पाहण्याचा हक्क मागून येणाऱ्या वाचकाला आहे काय, आणि असल्यास त्या हक्काची मर्यादा कोठें?

प्रथम सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊं. यशयाच्या सातव्या अध्यायांतील प्रसंग ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांतला आहे. यहूदाचा राजा आहाज याच्यावर अराम व इस्राएल येथील राजे एकजुटीनें चालून आले आहेत. घाबरलेल्या आहाजाला संदेष्टा एक चिन्ह सांगतो : एक तरुणी पुत्र प्रसवेल, त्याचें नांव इम्मानुएल ठेवील, आणि त्या मुलाला बरेंवाईट कळूं लागण्यापूर्वींच त्या दोन राजांचा मुलूख ओसाड पडेल. मूळ हिब्रू शब्द ‘अल्मा’ असा आहे. त्याचा अर्थ वयांत आलेली तरुण स्त्री. ती कुमारी आहे कीं विवाहिता, हें त्या शब्दावरून ठरत नाहीं. पुढें ख्रिस्तपूर्व काळांत यहुदी पंडितांनींच केलेल्या ग्रीक भाषांतरांत त्या जागीं ‘पार्थेनोस’ हा शब्द आला, व त्याचा रूढ अर्थ कुमारी. मत्तयानें आपल्या शुभवर्तमानांत हेंच वचन घेऊन तें येशूच्या जन्मानें पूर्ण झालें असें लिहिलें. दुसऱ्या शतकांत जस्टिन या ख्रिस्ती पंडितानें लिहिलेल्या संवादांत त्रिफो नांवाचा यहुदी यावर आक्षेप घेतो. शब्द तरुणीवाचक आहे आणि मुलगा म्हणजे आहाजाचा पुत्र हिज्कीया, असें त्याचें म्हणणें.

आपल्या मीमांसकांनीं तात्पर्य ठरवितांना उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ पाहावा असें सांगितलें आहे. ती कसोटी लावली तर त्रिफोचा पक्ष बळकट ठरतो. सातशें वर्षांनंतर होणाऱ्या जन्मानें आहाजाची भीति कशी जावी? पण शब्द प्रसंगाबरोबर मरत नाहींत, हेंही तितकेंच खरें. ‘मशीहा’ म्हणजे नुसता अभिषिक्त. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत हें पद इराणच्या कोरेश राजालाही दिलेलें आहे. दाविदाच्या वंशांत पुढें होणारा, जगांत न्याय व शांति नांदविणारा राजा हा अर्थ त्या पदाला आला तो यहुदी लोकांच्याच आशेमुळें. तेव्हां जुन्या शब्दांत नवा अर्थ पाहणें हा केवळ ख्रिस्ती लोकांचा अपराध मानतां येत नाहीं.

त्या अधिकाऱ्यानें वाचलेला त्रेपन्नावा अध्याय याहून गहन आहे. ख्रिस्ती वाचकाला त्यांत क्रूसावरील येशू दिसतो. तिसऱ्या शतकांतील ख्रिस्ती पंडित ऑरिजेन यानें मात्र नमूद केलें आहे कीं, आपल्या काळचे यहुदी हा सेवक म्हणजे देशोदेशीं विखुरलेलें त्यांचें समस्त राष्ट्र असें मानीत. फ्रान्समधील राशी (१०४०–११०५) या भाष्यकारानेंही तोच अर्थ केला. त्याला ग्रंथांतच आधार आहे, कारण एकोणपन्नासाव्या अध्यायांत सेवकाला इस्राएल असेंच संबोधिलें आहे. १०९६ मध्यें क्रूसयुद्धास निघालेल्या जमावांनीं ऱ्हाईन नदीकांठच्या यहुद्यांची कत्तल केली ती राशीच्याच हयातींत. तरीही यहुदी परंपरा एकमुखी नाहीं. प्राचीन अरामी भाषांतरांत हा सेवक मशीहाच आहे, फक्त त्याचीं दुःखें तेथें इतरांच्या वांट्यास दिलीं आहेत.

आमच्या मतें खरा भेद शब्दार्थाचा नसून दिशेचा आहे. शिष्यांनीं आधीं भाकितें जुळविलीं व मग येशूला ओळखलें, असें झालेलें दिसत नाहीं. त्यांनीं आधीं येशू पाहिला, त्याचें मरण पाहिलें, आणि त्या अनुभवाच्या उजेडांत जुना ग्रंथ पुन्हां उघडला. हें वाचन म्हणजे श्रद्धेची साक्ष होय, आणि साक्ष म्हणून तें आदरणीय आहे. परंतु ज्याला तो अनुभव आला नाहीं त्याच्यावर तें प्रमाण म्हणून लादतां येत नाहीं.

मध्ययुगानें हा विवेक सोडला. स्ट्रासबुर्गच्या मंदिरासाठीं तेराव्या शतकांत घडविलेला एक सुंदर पुतळा आहे : डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हातांत मोडका भाला धरलेली स्त्री. ती यहुदी धर्माची प्रतिमा. तुम्हांस दिसत नाहीं, म्हणून तुम्ही आंधळे, हा तिचा आशय. त्याच शतकांत, १२६३ मध्यें, बार्सेलोना येथें आरागोनच्या राजापुढें यहुदी पंडित मोझेस बेन नहमान यास वादाला उभें केलें गेलें. त्यानें एक साधा प्रश्न विचारला : संदेष्ट्यांनीं मशीहाच्या काळीं शांति नांदेल असें सांगितलें, मग येशूपासून आजवर जग हिंसेनें व लुटीनें भरलेलें कसें? पुढें या वादाचा वृत्तान्त लिहिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, आणि सत्तरीच्या घरांतल्या त्या वृद्धास मायभूमि सोडावी लागली.

याउलट एक उदाहरण आपल्या कोकणांतलें. मिशनरी जॉन विल्सन यानें १८३२ मध्यें हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें. मिशनरी शाळांतून बेने इस्राएल मुलांना हिब्रू व जुना करार शिकविला जाई. ही विद्या त्यांना येशूपर्यंत नेईल, ही मिशनऱ्यांची आशा. बेने इस्राएलांनीं ती विद्या आनंदानें घेतली. त्यांतले ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. तोच ग्रंथ वाचून ते अधिक जाणते यहुदी झाले.

२००१ मध्यें पोपच्या बायबल आयोगानेंही मान्य केलें कीं, यहुद्यांचें वाचन ही ग्रंथ समजण्याची एक संभाव्य रीत आहे, आणि ख्रिस्ती वाचकाला जें अधिक दिसतें तें मागें वळून पाहिल्यामुळें दिसतें. ही कबुली सोपी नव्हे. भाकितें हा आपल्या धर्माचा अकाट्य पुरावा, या समाधानावर तीमुळें पाणी सोडावें लागतें. पण तें समाधान दुसऱ्याला आंधळा ठरवून मिळविलेलें होतें. मागून आलेल्या वारसाला जुन्या घरांत नवी खिडकी पाडण्याचा हक्क आहे, असें आम्हांस वाटतें. त्या घरांत आधींपासून राहणाऱ्याला, तुला येथें कांहींच दिसत नाहीं, असें म्हणण्याचा नाहीं.