जतन केलेली कयाक आणि न उरलेली नदी

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या वस्तुसंग्रहात कोलोरॅडो नदीवर चाललेल्या जुन्या नावा जपून ठेवल्या आहेत. त्यांत वाल्टर किर्शबाउम या जर्मन नाविकाने स्वतः बांधलेली फायबरग्लासची एक छोटी कयाक आहे. 1960 च्या जूनमध्ये तो तिच्यातून अख्खे ग्रँड कॅन्यन उतरला. वाटेतला एकही द्रुतवाह त्याने टाळला नाही. नाव उचलून काठाने पुढे नेण्याचा मार्ग त्याने कुठेच पत्करला नाही. कयाकमधून असे त्यापूर्वी कोणी केलेले नव्हते.

ती कयाक आहे. ती नदी मात्र राहिली नाही. किर्शबाउमच्या प्रवासानंतर तीन वर्षांनी, मार्च 1963 मध्ये, दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. तोवर कोलोरॅडो गाळाने तांबडी असे, बर्फ वितळले की उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला प्रचंड पूर येत आणि पुढे पाणी चांगलेच कोमट होई. धरणानंतर गाळ जलाशयात अडला. दरीत येणारे पाणी जलाशयाच्या खोल थरातून सुटू लागले आणि नदी थंड, नितळ, हिरवट झाली. कोलोरॅडो पाइकमिनो हा मोठा स्थानिक मासा ग्रँड कॅन्यनमधून नाहीसा झाला. क्रिस्टल नावाचा द्रुतवाह 1960 मध्ये फारसा धाक वाटावा असा नव्हता. डिसेंबर 1966 च्या वादळी पावसात उपदरीतून दगडगोट्यांचा लोंढा नदीत आला आणि क्रिस्टल या दरीतल्या सर्वांत अवघड टप्प्यांपैकी एक बनला. किर्शबाउमने जे पार केले ते आज कोणालाही, कितीही कौशल्य असले तरी, पार करता येणार नाही.

वस्तू काळातून जाताना तीच राहते का, हा प्रश्न येथे नेहमीपेक्षा उलट्या बाजूने उभा राहतो. प्लुटार्कने सांगितलेल्या थिसियसच्या जहाजाची एकेक फळी कुजे आणि तिच्या जागी नवी बसवली जाई. द्रव्य बदलले तरी जहाज तेच का, असा तिथला वाद होता. कयाकीचे द्रव्य जागच्या जागी आहे. बदलले आहे ते तिच्या भोवतालचे सारे.

न्यायदर्शनाला यात अडचण दिसणार नाही. नैयायिकांच्या मते अवयवी म्हणजे संपूर्ण वस्तू ही अवयवांहून वेगळी, पण त्यांच्यातच राहणारी असते. अवयव टिकले तर अवयवी टिकतो आणि ‘हीच ती’ ही प्रत्यभिज्ञा त्याची साक्ष देते. बौद्ध क्षणभंगवाद्यांनी याच साक्षीवर आक्षेप घेतला. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असते, कापलेली नखे पुन्हा वाढतात, तरीही ओळख ‘तीच’ म्हणते. ती साम्याने फसलेली असते.

सातव्या शतकातील बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने दिलेली कसोटी कयाकीला अधिक नेमकी लागू पडते. जे कार्य घडवण्यास समर्थ आहे, म्हणजे ज्यात अर्थक्रिया आहे, तेच वास्तव, असे तो म्हणतो. पाण्यावर तरणे आणि माणसाला द्रुतवाहातून सुखरूप बाहेर काढणे ही कयाकीची अर्थक्रिया होती. संग्रहात ती थांबली, पण कयाक निष्क्रिय झाली नाही. पाहणाऱ्याच्या मनात ती ज्ञान उपजवते आणि तेही कार्यच आहे. या कसोटीने पाहता संग्रहातली कयाक खोटी ठरत नाही, जुनीही ठरत नाही. ती नावेच्याच क्षणोक्षणीच्या प्रवाहातून उपजलेली, वेगळे काम करणारी वस्तू ठरते. हे उत्तर न्यायाच्या उत्तराहून सरस वाटते, कारण नदीच्या बदलाला त्यात जागा आहे.

मग जपणे हेच नेहमी योग्य का? ज्यांचे पूर्वज ग्रँड कॅन्यनमधून पृथ्वीवर आले असे त्यांची परंपरा सांगते, त्या झुनी या मूळ अमेरिकन लोकांचे उत्तर वेगळे आहे. आहायूदा या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती ते उघड्यावरील देवस्थानांत ठेवतात. ऊन, पाऊस, वारा सोसत त्या झिजाव्यात आणि मातीत मिळाव्यात, कारण त्या झिजण्यातूनच त्यांचे रक्षणाचे काम घडते, अशी श्रद्धा आहे. संग्रहालयांनी मिळवलेल्या अशा मूर्ती परत मागण्याचे काम झुनींनी 1978 मध्ये सुरू केले आणि अनेक संस्थांनी त्या परत केल्या. संग्रहालयाने मूर्ती उत्तम राखली तरी झुनींच्या दृष्टीने तिचे काम रोखलेलेच असते. तिथे जतन हीच हानी आहे, आणि ही श्रद्धा संग्रहालयांनी मानली हे उचितच झाले.

नावांच्या बाबतीतही दुसरा मार्ग या दरीने पाहिला आहे. बर्ट लोपर हा जुना नाविक जुलै 1949 मध्ये, वयाची 80 वर्षे पूर्ण होण्यास काही दिवस उरले असताना, एका द्रुतवाहात नाहीसा झाला. त्याची लाकडी नाव पुढे काठाला लागलेली सापडली. ती वर ओढून ठेवली गेली आणि अनेक दशके तिथेच उन्हापावसात पडून राहिली. येणारे-जाणारे नाविक तिच्यापाशी थांबत. ती नाव स्मारक बनली ती आपल्या नदीच्या काठी, झिजत झिजत.

किर्शबाउमच्या कयाकीला असे झिजू देण्याचे कारण नाही. झिजणे हे तिचे काम कधीच नव्हते, आणि धरणापूर्वीच्या नदीशी अंगाने भिडलेल्या मोजक्या वस्तूंपैकी ती एक आहे. मात्र तिची लांबी-रुंदी आणि बांधणाऱ्याचे नाव एवढ्याने तिची ओळख पुरी होत नाही. 1960 चे तांबडे पाणी, त्याची ऊब, त्याचा गाळ आणि त्याचे पूर यांची नोंद तिच्याशेजारी असलीच पाहिजे.