पारण्याविना उपवास

उपवासाला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा आहे. परंतु एकादशीमागून द्वादशी येते आणि पारण्याने व्रताची सांगता होते. ज्या अन्नत्यागाला पारणेच नाही, तो व्याधी होय. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या वैद्यांनी तिचे वर्णन केले. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे तिचे नाव.

सज्ञान रुग्ण अन्न नाकारते, तेव्हा तिच्या इच्छेचा मान राखावा की तिला उपचारांकडे न्यावे? १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे चित्त अन्नविचाराने व्यापले. अनेकजण खिन्न, एकलकोंडे झाले. उपासमार निर्णय घेणाऱ्या मनालाच ग्रासते. म्हणून हा नकार माणसाचा की व्याधीचा, हे विचारणे अनादराचे नाही.

मात्र येथे मायेचा आग्रह पुरत नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घटून प्राणावर बेतू शकते. हे पारणे मनोविकारतज्ज्ञ, वैद्य व आहारतज्ज्ञ यांनी मिळूनच घडवावे लागते. त्यात कधी सक्तीचा अंश असतो, हे नाकारू नये. तिचे समर्थन एकच: रुग्णाला आपला निर्णय पुन्हा आपणच घेता यावा.