शेवटच्या खाटेजवळ



दीक्षा घेतल्यावर लग्न कसे लावावे, नामकरण कसे करावे, हे आपण विचारून घेतो. पण घरचे माणूस सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात शेवटच्या घटका मोजीत असता बौद्धाने काय करावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. मग सातारा असो की सांगली, खाटेभोवती गर्दी जमते, रडारड होते, कोणी चोरून अंगाराही लावतो. मात्र ओले कपडे बदलायची वेळ आली की सगळे दाराकडे पाहतात आणि ‘मावशी, ओ मावशी’ अशी हाक जाते.

या संकोचाचे मूळ उघड आहे. मेलेली ढोरे ओढणे, गावाची घाण काढणे हे आपल्या वाडवडिलांवर लादलेले होते. बाबासाहेबांच्या शब्दावर आपण ते टाकले आणि योग्यच केले. आता बी.ए. झालेल्या मुलाला वाटते, बापाचे बेडपॅन उचलले तर पुन्हा तेच. पण जन्मावरून लादलेले काम ही गुलामी; आपल्या मनाने केलेली शुश्रूषा हा धम्म. आणि ती मावशी तरी कोण? पुष्कळदा आपल्याच वस्तीतली. आपण टाकलेले ओझे आपल्याच बहिणीच्या डोक्यावर!

विनयपिटकाच्या महावग्गात एक हकीकत आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही ती घेतली आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. त्याचा इतरांना काही उपयोग नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. शाक्यांच्या राजकुलातल्या पुरुषाचे हात तिथे विटाळले नाहीत. चांगल्या शुश्रूषकाला मलमूत्राची किळस नसावी, हेही त्याच महावग्गात सांगितले आहे.

लांब कशाला जा? सावित्रीबाई फुले नायगावच्या, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

आता कामाचे सांगतो. रात्री एका सिस्टरच्या अंगावर खाटांची मोठी रांग असते. तिच्याशी भांडू नका, तिचा हात व्हा. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते तिला विचारून घ्या, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, मग ते गंगेचे असो की नळाचे. ते श्वासनळीत जाते. ओल्या कापसाने ओठ भिजवा, तेवढे पुरे. त्रिशरण म्हणायचे तर कानाशी, हळू आवाजात. शेजारच्या खाटेवरही आजारी माणूसच असतो.

तो कण्हू लागला तर ‘पूर्वजन्मीचे भोग’ हा शब्द तोंडातून काढू नका. ते मत बाबासाहेबांनी नाकारले आहे. दुखणे हे दुखणे आहे, त्यावर औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी झाली. कर्करोगाच्या असह्य वेदनांत डॉक्टर ते देऊ शकतात. विचारा, आणि एकदा नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. मागायला लाज कसली?

आणि वॉर्डात एखादा माणूस असाही असतो, की ज्याच्याकडे कोणी येत नाही. महावग्गातला तो भिक्खू तोच. तो कोणत्या जातीचा हे खाटेवरच्या कागदावर शोधू नका. सिस्टरला विचारून त्याच्याही ओठांना पाणी लावा. विहारात येत्या पौर्णिमेला बसाल तेव्हा दवाखान्याच्या पाळ्या लावून घ्या. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ तरुणांना द्या. म्हाताऱ्यांना दुपार पुरे.