माझ्याकडे गाडी आहे

मराठी भाषेला मालकीचे क्रियापद नाही. आपण शेत विकत घेतो, घर बांधतो, दागिने घडवतो. परंतु ते सारे एकदा आपल्या हाती आले म्हणजे आपली जीभ एकाएकी नम्र होते. 'माझ्याकडे गाडी आहे' असे आपण म्हणतो. या वाक्यात कर्ता गाडी. मी केवळ तिचा पत्ता. पाहुणे माझ्याकडे आहेत, आजारी आत्या माझ्याकडे आहे, शेजाऱ्याची किल्ली माझ्याकडे आहे, आणि गाडीही माझ्याकडेच आहे. पाहुण्याविषयी आणि ठेवीविषयी ज्या विभक्तीने बोलावे, त्याच विभक्तीने आपण पाच-सहा लाखांच्या यंत्राविषयी बोलतो.

व्याकरणातून नीतिशास्त्र काढू नये, हे मला ठाऊक आहे. तरीही या साध्या वाक्याने उभा केलेला प्रश्न सहज टळणारा नाही. एखादी वस्तू माझी आहे म्हणजे नेमके काय आहे? पावती माझ्या नावाची आहे, एवढेच? ती मला हवी तशी वापरता येते, मोडता येते, टाकून देता येते, हे? की तिच्यामुळे जे काही बरेवाईट होईल त्याचा जाब मी देईन, हे? घरातल्या कपाटाच्या बाबतीत हा प्रश्न झोपून असतो. मोटार मात्र त्याला झोपू देत नाही. ती महाग आहे, ती सतत बिघडते, ती दुसऱ्यांच्या अंगावरून जाऊ शकते, आणि तिच्या पोटात काय चालले आहे हे तिच्या मालकाला बहुधा कळत नसते.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर हा प्रश्न गर्दीत हरवतो. तो तपासायचा तर गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या गावी जावे. तेथे गाडी कोणाची हे नंबराची पाटी न वाचताही साऱ्यांना ठाऊक असते. एमएच ३५ ही पाटीवरची अक्षरे जिल्ह्याची ओळख सांगतात. पण गाडीची खरी ओळख तिच्या घरावरून ठरते. असे म्हणतात की अमक्याकडची पांढरी, तमक्याकडची लाल.

वाहनाची हौस या मुलखाला नवी नाही. पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि मोटारीच्या कितीतरी आधीपासून तेथे वेगाचे वेड आहे. त्या वेडाचे नाव शंकरपट. बैलांच्या या शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबल्या. २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्राला त्या अटींसह पुन्हा भरवण्याची मुभा मिळाली, आणि २०२३ मध्ये त्यामागचा कायदाही न्यायालयात टिकला. पण त्याच शेतकऱ्याच्या घरात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते. जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद आणि तूप लावून शेकला जातो. मोठा पोळा झाला की तान्ह्या पोळ्याला पोरे चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार नेतात. एका हातात पटाचा कासरा आणि दुसऱ्या हातात तुपाची वाटी, अशी ती हौस होती. धावायला लावणे आणि खांदा शेकणे या दोन कामांची तिने कधी फारकत केली नाही. मोटारीच्या हौशीने यातले पहिले काम तर आनंदाने उचलले. दुसऱ्याचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे.

एके काळी ते दुसरे काम टाळण्याची सोयच नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसडर आली. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि एवढ्या प्रतीक्षेने आलेली गाडी घाटात उकळे, थंडीत रुसे, पावसात खोकत असे. तिच्या मालकाला कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट, फॅन बेल्ट ही नावे मुलांच्या नावांइतकीच पाठ असत. डिकीत स्टेपनी आणि जॅक, आणि सीटखाली पाने, पेचकस नि पाण्याचा डबा. आवाज ऐकून दुखणे ओळखणारी ती पिढी होती. तिचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. ते ज्ञान कोणी तत्त्व म्हणून मिळवले नव्हते. गाड्या वाईट होत्या म्हणून ते मिळवावे लागले. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि किल्ली फिरवताच सुरू होणारी गाडी साध्या मध्यमवर्गीयाच्या दारात उभी राहू लागली, तेव्हा कोणाला सुटल्यासारखे वाटले असेल तर त्यात काही पाप नव्हते.

पण बॉनेट उघडावे लागत नाही म्हणून उघडायचेच नाही, अशी सवय त्या सुखाने आपल्याला लावली. आणि गाडीची सारी दुखणी आवाज करून येत नसतात. ब्रेक ऑइलचेच पाहा. ते हवेतला ओलावा हळूहळू शोषून घेते. ओलावा वाढला की ते कमी उष्णतेला उकळू लागते, आणि लांब उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागला म्हणजे त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. त्यापूर्वी गाडी एका शब्दानेही तक्रार करीत नाही. टायरचे रबर नक्षी शाबूत असतानाच वयाने कडक होते. धानाच्या गावात तणशीच्या ढिगाजवळ महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात. वरून मात्र गाडी कालच धुतल्यासारखी चकाकत असते.

हा ब्रेक तपासण्याचा कंटाळा माझा खासगी कंटाळा आहे काय? गाडी माझी, पैसा माझा, तर हयगयही माझीच, असे कोणी म्हणेल. पण उतारावर ब्रेक लागला नाही तर पुढे शाळेतून येणारी पोर असते. तिने माझी पावती कधी पाहिलेली नसते. घर गळू देणारा स्वतः भिजतो. ब्रेकची हयगय करणारा बहुधा दुसऱ्याला भिजवतो. येथे मालकी हा हक्क राहत नाही, ते कर्ज होते. आणि ते ज्यांना फेडायचे त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात.

गावात या कर्जाला आणखी एक बाजू असते. रात्री दोन वाजता कोणाच्या सुनेला कळा लागतात. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु ती दुसऱ्या गावी गेलेली असू शकते. अशा वेळी गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयापर्यंत कसे जायचे, याचा विचार करणारा माणूस प्रथम ज्याच्याकडे गाडी आहे त्याचे दार ठोठावतो. नकार मिळेल असे त्याच्या मनातही येत नाही. तो करार कोठे लिहिलेला नाही. गाडी घेताना गावाने पेढे खाल्ले, तेव्हाच तो झाला. आता त्या रात्री बॅटरी उतरलेली निघाली तर? मालक दार उघडून धावत आला, त्याचे मन सोन्यासारखे आहे, पण गाडी सुरू होत नाही. अंगणात चार माणसे धक्का मारीत आहेत. त्या क्षणी मालकाच्या चांगुलपणाचा त्या बाईला काय उपयोग? चांगुलपणा मनात असून भागत नाही. तो बॅटरीतही असावा लागतो. आठ दिवसांतून एकदा गाडी सुरू करून दोन मैल फिरवून आणणे ही गोष्ट नीतीच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण परोपकाराची पूर्वतयारी अशाच क्षुल्लक गोष्टींची असते.

सगळ्यांनीच हातात पाना घ्यावा असे यातून निघत नाही. आपल्या मुलाचा ताप आपल्याला उतरवता येत नाही म्हणून मूल परके ठरत नाही. आपण त्याला योग्य माणसाकडे नेतो. गाडीच्या बाबतीत तो योग्य माणूस म्हणजे मिस्त्री. त्याचे आणि मालकाचे नाते मोठे नाजूक आहे, कारण त्यात एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. मिस्त्री गाडीखालून डोके बाहेर काढून म्हणतो, "राहू द्या जी भाऊ, हा क्लच अजून सालभर चालते." या एका वाक्यात त्याने काही हजार रुपये सोडलेले असतात. नवा क्लच घातला असता तर मालकाला कळण्याचा मार्ग नव्हता. जेथे फसवणूक कधीच उघडी पडणार नाही तेथे खरे बोलणे, ही सचोटीची सर्वांत कडक परीक्षा. आणि काळवंडलेल्या हातांची माणसे ती रोज देत असतात. सारेच तीत उतरतात असे नाही. पण मिस्त्रीने मजुरी सांगताच ती निम्मी करायला निघणारा, आणि शोरूममध्ये छापील बिल पाहून मुकाट्याने पैसे मोजणारा मालक सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करतो, हेही पाहिले पाहिजे.

आता या नात्यात तिसरा माणूस आला आहे. नव्या गाडीत जागोजागी सेन्सर आहेत. दुखणे संगणकाला विचारावे लागते, आणि ते विचारण्याचे यंत्र, त्याची गुपिते आणि सुटे भाग पुष्कळदा कंपनीच्याच हाती असतात. गावचा मिस्त्री कानाने जे ओळखतो त्याला हात लावण्याची त्याला परवानगी नसते. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने हे प्रकरण तपासले आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्र्यांना खुली मिळत नाही, हा मुख्य आक्षेप होता. दंडाविरुद्ध अपिले झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर माहितीचे एक संकेतस्थळही उघडले. या साऱ्याचे फळ दवनीवाड्याच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. प्रश्न मात्र त्याच्या दारात आजच उभा आहे. मला दुरुस्त करता येत नाही ते माझे असू शकते. पण मला दुरुस्त करूच दिले जात नाही, ते कितपत माझे? पाहुणा माझ्याकडे ठेवायचा, त्याच्या सुखदुःखाला मी जबाबदार, पण त्याला काय होते हे विचारण्याची मला मनाई, अशी ती अवस्था आहे. ज्याच्याकडून जाब घ्यायचा त्याच्या हातात पाना दिलाच पाहिजे. नाहीतर जाबदारीत पाना ठेवून घेणाऱ्यानेही वाटा उचलावा.

दुरुस्तीला एक भूलही आहे, ती म्हणजे कायम टिकवण्याची. मिलिंद राजा रथातून आला तेव्हा नागसेन भिक्षूने त्याला विचारले की या रथात रथ कोणता? आस, चाके, जू, की दांडी? एकेक भाग वेगळा करता रथ कोठेच सापडेना. भाग एकत्र आले म्हणून त्यांना आपण रथ हे नाव देतो, एवढेच उरले. पन्नास वर्षांच्या अँबॅसडरचे इंजिन, दारे, सीट सारे बदललेले असते, आणि तरी तिचा मालक 'ही वडिलांची गाडी' म्हणून सांगतो. आरटीओचा कारकून नागसेनाला चटकन उत्तर देईल की रथ म्हणजे चासी नंबर! इंजिन बदलले तर पुस्तकात नोंद करून घ्या, गाडी तीच. पण वडील चासी नंबरात नसतात. ते त्या गाडीच्या जपणुकीत होते, आणि ती जपणूक नव्या गाडीतही चालू ठेवता येते.

म्हणून निरोप देण्याची वेळ ओळखणे हेही राखण्याचेच अंग आहे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे; तिच्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि अनेकांचे डोळे ओले झाले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. वयावरून गाडी मोडीत काढणे मला पटत नाही, कारण चांगली राखलेली जुनी गाडी हयगय झालेल्या नवीपेक्षा निर्धोक असू शकते. परंतु जी गाडी सारे उपाय करूनही काळा धूर ओकते, तिच्यावरचे माझे प्रेम मी शेजारच्या लेकराच्या छातीत भरू शकत नाही. बैलाचा खांदा शेकताना बैलाला बरे वाटत होते. गाडीला काही वाटत नाही. तिची सेवा तिच्यासाठी नसतेच. ती तिच्यात बसणाऱ्यांसाठी आणि तिच्यासमोरून रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी असते.

भाऊबीज आली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागेल. लेकी-जावई, मामे-मावश्या गाड्या भरभरून येतील, रात्रभर नाटके रंगतील, आणि पहाटे पेंगुळलेली माणसे त्याच गाड्यांतून परततील. दसऱ्याला बॉनेटवर बांधलेला झेंडूचा हार एव्हाना वाळून गेला असेल. तो सोडवायला जाल तेव्हा बॉनेटही एकदा उघडा. ब्रेक ऑइल पाहा, उंदराने काही कुरतडले आहे का ते पाहा, चाकांत हवा भरून घ्या. फार तर अर्धा तास लागेल. मग कोणी विचारले तर खुशाल सांगा की हो, माझ्याकडे गाडी आहे.