शेवटच्याला आधी मजुरी

तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोलीतल्या कुठल्याही फळीवर जाऊन उभे राहा. माणसं ओळीने पुडे मांडत असतात, मोजणारा मोजत असतो. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा शेकडा, शेकड्याचा दर ठरलेला. अंधारात जंगलात शिरलेल्या बाईचे पुडे जास्त, ऊन चढल्यावर गेलेल्याचे कमी, आणि पैसेही त्याच हिशेबाने. यात कुणाला काही खटकत नाही.

आता याच फळीवर मत्तयच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगून बघा. मालक पहाटे मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार. मग नऊला, बाराला, तीनला आणखी आणतो. शेवटचे तर पाच वाजता, दिवस मावळायला तास उरलेला असताना. आणि संध्याकाळी सगळ्यांना एकच दीनार. फळीवरची बाई म्हणेल, "असा कसा जी हा मालक?" बरोबरच आहे तिचं. ही गोष्ट ऐकून ज्याला राग येत नाही, त्याने ती नीट ऐकलेलीच नाही असं मला वाटतं.

मी ख्रिस्ती घरातला, त्यामुळे ही गोष्ट लहानपणापासून कानावर आहे. प्रवचनात जोर असतो तो देवाच्या कृपेवर. पण तिच्यातला एक बारकावा मला हातात फोन आल्यावरच दिसला. मालक कारभाऱ्याला सांगतो की मजुरी शेवटच्यांपासून वाटायला घे. उलट क्रमाने वाटली असती, तर पहाटेचे लोक आपला दीनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. ठरलेलं मिळालं, दिवस सत्कारणी लागला. त्यांचं दुखणं मजुरीत नव्हतंच. आपल्याआधी दुसऱ्याच्या हातावर काय पडलं, ते त्यांनी पाहिलं.

फोन रोज हेच करतो. आपला दिवस सुरू व्हायच्या आत दुसऱ्याचा दाखवतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. चार वर्षं सोळाशे मीटर पळणारा मुलगा पहाटे अलार्म बंद करायला फोन उचलतो, तर समोर पहिल्याच प्रयत्नात लागलेल्या मित्राचं गुलालातलं रील. अजून पायात बूटही चढलेले नसतात आणि हा हरलेला असतो. मालकाच्या चांगुलपणाने कुरकुरणाऱ्याचा डोळा बिघडला, असा त्या गोष्टीतल्या मूळ ग्रीक शब्दांचा रोख आहे. आपल्याकडेही दुसऱ्याचं सुख डोळ्यातच खुपतं.

मग फोन बाजूला ठेवा, असं सगळे सांगतात. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मटणाबरोबर रील्सही सोडणारे तरुण मला माहीत आहेत, आणि त्यांचं मला कौतुक आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दान, प्रार्थना आणि उपवास ही तिन्ही लोकांच्या नजरेआड करायला सांगतो. प्रार्थनेसाठी तर खोलीत जाऊन दार लावायला. (उपवासाची स्टोरी टाकणाऱ्यांनी हा भाग पुन्हा वाचावा.) १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. वाचता वाचता ते याच प्रवचनापाशी खिळले. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका पुस्तकात माणूस इतका गुंतू शकतो, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

पण द्राक्षमळ्याचा मालक मजुरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधत नाही. तो त्यांना मुद्दाम दाखवतो आणि मग विचारतो, की तुझं मी काय काढून घेतलं? फोन बंद केल्याने फक्त दिसणं थांबतं. या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

आणि उत्तर दर वेळी 'काही नाही' असंच नसतं. 'तुलना करू नका, आहे त्यात समाधान माना' हे गरिबाला गप्प बसवायला फार सोयीचं वाक्य आहे, देवाच्या नावाने म्हटलं की जास्तच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तुलना केली नसती तर? आमच्या जंगलातला बांबू कागद कारखान्याला चालतो, मग आम्हाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यांचं खरोखरच काही काढून घेतलेलं होतं. अशा वेळी भांडायलाच हवं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात तर मजुरांची अडवलेली मजुरीच देवाकडे ओरडते.

भरतीच्या मुलाचं तसं नाही. मित्राच्या गुलालाने त्याच्या धावण्यातला एक सेकंदही चोरलेला नाही. (पेपर फुटला असेल तर मात्र ती मेंढ्याची गोष्ट.) इथे मला श्रद्धेचा उपयोग होतो. देवापाशी माझी किंमत पुड्यांवर ठरत नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. कधी पटतं, कधी नाही. पटतं त्या दिवशी दुसऱ्याचं रील नुसतं रील असतं.

गंमत म्हणजे ही गोष्ट वाचताना प्रत्येक जण स्वतःला पहाटेचा मजूर समजतो. पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला कुणीच होत नाही. मजुरांच्या ठिय्यावर दहा वाजून गेले तरी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा आठवा. आज कुणी नेणार नाही, हे त्याला कळलेलं असतं. गुलालातल्या मित्रानेही अशी वर्षं काढली असतील. रीलमध्ये फक्त दीनार दिसतो. शिवाय पहाटेच्यांशी मालकाने मजुरी ठरवली होती. पाच वाजताच्यांना तो आकडा सांगतच नाही, नुसतं मळ्यात जा म्हणतो. आणि ते जातात.